समितीच्या देखत गेलेलं डिझेल

गाडी डिझेलवर चालते, पण गाडीवाल्याची पत टायरवर चालते, हे घनसावंगी तालुक्यात आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अरुंद टायरच्या गाडीतून उतरलेल्या माणसाला लोक "काय काम काढलं?" म्हणून विचारतात. रुंद टायरच्या गाडीतून उतरलेल्याला "चहा घेणार ना?" म्हणून विचारतात. आमच्या ऊस तोडणी व वाहतूक सहकारी संस्थेनं चहाची बाजू घेतली, यात तिचं काही चुकलं असं मला वाटत न्हाई.

मागच्या दिवाळीत आमचे चेअरमन काकासाहेब संस्थेची जीप घेऊन जालन्याला गेले. तिचे कंपनीचे धडधाकट टायर काढून त्यांनी जाडजूड, खोल नक्षीचे, गाडीच्या बाहेर वीतभर येणारे टायर बसवून आणले. असले टायर डोंगर, दलदल आणि नदीतले गोटे यांच्यासाठी बनवतात. (आमच्या तालुक्यातला सगळ्यात अवघड चढ म्हणजे तहसिलीसमोरचा गतिरोधक.) त्यांत हवा कमीच ठेवायची, असा काकासाहेबांचा तोंडी आदेश होता. कमी हवेवर टायर फुगीर दिसतो आणि साहेबांच्या कंबरेलाही बरं पडतं.

पहिल्याच महिन्यात जीपचा अ‍ॅव्हरेज चौदावरून नऊवर आला. संस्थेनं तातडीनं, म्हणजे अडीच महिन्यांत, नऊ संचालकांची चौकशी समिती नेमली. मी त्यातलाच एक. समितीनं सर्व संभाव्य कारणांचा निःपक्षपातीपणे विचार केला. पंपावर माप कमी मिळतं, हे कारण पंप उपाध्यक्षांच्या व्याह्यांचा असल्यानं तपासाअंती निराधार ठरलं. डिझेलच पातळ येऊन राह्यलं, हे कारण चांगलं होतं, पण कोणाला नोटीस द्यायची ते ठरेना. हवामानाला नोटीस देता येत न्हाई. उरला ड्रायव्हर. टायर चेअरमननी स्वतः निवडलेले होते आणि चेअरमनच्या निवडीवर फक्त सर्वसाधारण सभेत चर्चा होऊ शकते. (सभा कोरमअभावी तहकूब आहे. चौथं वर्ष.)

ड्रायव्हरचं नाव इजहार. चौदा वर्षं संस्थेची गाडी चालवत होता. त्याला बोलावून "डिझेल कुठं जातं?" असं विचारलं. तो उभ्यानंच बोलला.

"साहेब, जुने टायर हलके होते, सोडले की घरंगळायचे. हे जड हायेत, त्यात हवा कमी, रस्त्याला चिकटून चालून राह्यलेत. इंजिनाला बिलकुल ओढावं लागतं. मंग तेल जास्त जाणार न्हाई तं काय? जुने टायर गोदामात पडेल हायेत. आठ दिवस लावून पाहा, हवा बराबर भरा. समजून जाईल."

निवेदन मुद्देसूद होतं, हीच त्यातली अडचण होती. संचालक रामप्रसाद हे निवृत्त मुख्याध्यापक. ड्रायव्हरनं गाडीविषयी मत देणं म्हणजे स्वतःच्याच पेपरला स्वतःच मार्क देणं, असं त्यांनी निदर्शनास आणलं. निवेदन फाइलला लावण्यात आलं.

मग तज्ज्ञ म्हणून जालन्याच्या टायरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "चाक मोठं झालं की मीटर किलोमीटर कमी दाखवतं, थोडा अ‍ॅव्हरेज तिथंच गेला. बाकीचा टायर खातो. मी काकासाहेबांना सांगेल होतं." समितीनं याची नोंद 'नव्या टायरमुळे संस्थेच्या गाडीचे किलोमीटर वाचतात' अशी केली आणि काकासाहेबांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला.

शेवटी प्रत्यक्ष चाचणी. टाकी तोंडापर्यंत भरली आणि इजहारवर नजर ठेवायला नऊच्या नऊ संचालक जीपमध्ये बसले. (सरासरी वजन ब्याऐंशी किलो. माझ्यामुळे ते खाली आलं.) एसी घनसावंगीपासून जालन्यापर्यंत चालू. चार ठिकाणी चहा झाला आणि प्रत्येक वेळी इंजिन सुरूच ठेवलं, कारण परत बसताना गाडी गार लागते. जालना एमआयडीसीत एका संचालकाच्या मेव्हण्याच्या लग्नाचं कपाटही टपावर बांधलं. परत येऊन टाकी भरली तेव्हा अ‍ॅव्हरेज सात निघाला.

आता तर्क पाहा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अठरा डोळे इजहारवर होते. चहालाही तो उतरला न्हाई. तरी डिझेल गेलंच. म्हणजे एक तर टायर, न्हाई तर इजहार हा समितीच्या देखत डिझेल काढण्याइतका सराईत. पहिला निष्कर्ष समितीच्या अधिकारकक्षेबाहेर होता. दुसरा एकमतानं मंजूर झाला. इतक्या मोठ्या चोराला चौदा वर्षं पोसल्याबद्दल दोन संचालकांनी हळहळही व्यक्त केली.

दुसऱ्या दिवशी इजहारची बायको ताहेरा ऑफिसात आली. नोकरी ठेवा, असं ती म्हणाली न्हाई.

"काढायचं तं काढा, साहेब. फक्त चोर म्हणून काढू नका. ते लिहिलं तं तालुक्यात कोणी त्यांच्या हातात किल्ली देणार न्हाई. त्यांना दुसरं काही येत न्हाई."

मला लाज वाटली, हे कबूल करतो. पण कोरम पुरा होता. माणुसकीच्या दृष्टिकोनातून समितीनं 'चोर' हा शब्द वगळला आणि 'इंधनविषयक कारणास्तव सेवामुक्त' असं लिहिलं. आम्ही उपकार केल्याच्या समाधानात पोहे खाल्ले. चार महिने झाले, इजहारला कोणी किल्ली दिलेली न्हाई. सकाळी तो घनसावंगीच्या फाट्यावर मजुरीसाठी उभा असतो. आम्हाला पाहून नमस्कार करतो, तेवढं मात्र त्यानं बंद करायला हवं.

त्याच्या जागी काकासाहेबांच्या साडूचा पप्पू आला. अ‍ॅव्हरेज आता आठ आहे. हा आकडा हंगामी समजावा, असं मागच्या बैठकीत ठरलं.

वाचक शहाणे असतात. टायरचा मामला दुसऱ्याच परिच्छेदात तुमच्या लक्षात आला असेल आणि तेव्हापासून तुम्ही आम्हा नऊ जणांना हसत असाल. खुशाल हसा. फक्त एक खरं सांगा. चौदा वर्षं जुना ड्रायव्हर म्हटल्यावर, टायर तर टायर, पण लिटर-दोन लिटर हाही काढत असंलच, असं मनात येऊन गेलं का न्हाई? आम्हालाही तेवढंच वाटलं होतं. ठरावाला तेवढं पुरलं.