मधे माणूस नको

आमच्या कंपनीत शशिकांत राऊत नावाचा एक इसम रोज जेवणाच्या सुट्टीत डोळ्यांना पंचा बांधून कॉम्प्युटरसमोर बसत असे. मॉनिटर बंद, कानाला हेडफोन, बोटं कळफलकावर आणि चेहऱ्यावर साक्षात देव भेटल्याचा भाव. एकदा याच अवस्थेत त्याने चाचपडत माझ्या डब्यातली सुरमईची तुकडी उचलून खाल्ली आणि वर म्हणाला, "आज आमच्या वांग्याला चव काही वेगळीच आलीय."

वसईजवळ वालीवला आमचा प्लॅस्टिकची झाकणं बनवण्याचा कारखाना. मी डिस्पॅच सांभाळायचो आणि राऊत साच्यांची ड्रॉइंग काढायचा. राहायचा निर्मळला, स्वतःच्या वाडीत. केळी होती, अबोली होती, विहिरीला पाणी होतं. देवाने इतकं दिल्यावर माणसाने दुपारी वामकुक्षी करावी की नाही? पण याला घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या होत्या.

भाकऱ्या म्हणजे काय, तर एक फुकट सॉफ्टवेअर. पडद्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं आणि आपण टाईप केलेलं बोलून दाखवायचं, अंध माणसांसाठी. जगभरातले रिकामटेकडे ते मिळून बनवत होते. पगार कुणालाच नाही आणि कुणी कुणाचं तोंडही पाहिलेलं नाही. त्याला मराठी बोलायला शिकवण्याचा मक्ता राऊतने आपणहून घेतला होता. "आमची टीम" असं तो छाती फुगवून म्हणायचा. चौकशी केली तेव्हा कळलं, मराठीच्या टीममध्ये राऊत धरून एकूण माणूस एक.

तो आवाज मी ऐकलाय. पत्र्याच्या डब्यात तलाठी कोंडून त्याच्याकडून सातबारा वाचून घ्यावा, तसा. "छान आहे," मी म्हणालो. कटकट मिटावी म्हणून माणूस म्हणतो तसं.

"तुझं मत चालत नाही, परब," राऊत म्हणाला. "तुला डोळे आहेत."

"अरे, मग आंधळ्यांना कुणीतरी पेपर वाचून दाखवला तर काय बिघडतं? पुण्यही लागेल."

"मधे माणूस नको."

हे त्याचं पालुपद. दिवसातून चार वेळा ऐकायचो. मला वाटायचं, माणूस माणूसघाणा आहे, दुसरं काय!

एके दिवशी कंपनीच्या कळफलकावर त्याने डिंकाने साबुदाण्याचे दाणे चिकटवले. बोटांना कळा ओळखता याव्यात म्हणून! दोन दिवसांत मुंग्यांची रांग थेट शेठच्या केबिनपर्यंत गेली. शेठ ओरडले, "राऊतभाई, ये ऑफिस है के उपवास का फराल?" राऊतने शांतपणे नवा कळफलक आणून दिला आणि साबुदाण्याचा घरी नेला. घरी तर याच्याकडे कॉम्प्युटरही नव्हता. नुसत्या कळफलकाचं हा काय लोणचं घालणार, असा विनोद मी केला आणि आख्खं डिस्पॅच हसलं.

मग आली पंचाईत. फिनलंडची कुणी एक बाई या साऱ्या मंडळींची मुकादम होती. तिने कळवलं, की नव्या आवृत्तीत मराठी आवाज हवा असेल तर बनवणाऱ्याचा शब्द पुरणार नाही. एखाद्या अंध माणसाने तो वापरून, त्यावरच आपलं मत लिहून पाठवलं पाहिजे. महिनाअखेरपर्यंत नाही आलं, तर यादीतून मराठी बाहेर. राऊतची तीन वर्षांची मेहनत पाण्यात. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. निदान माझी सुरमई वाचली असती.

पण राऊत हार मानणारा नव्हे. त्याने वसईत एका वाचनालयाचा हॉल घेतला आणि स्वतः हिंडून कागद चिकटवले. आपल्या घरात, ओळखीत कुणी अंध असेल तर घेऊन या. शेठच्या हातापाया पडून रविवारपुरता ऑफिसचा कॉम्प्युटर मिळवला. हमाल म्हणून अर्थातच मी. सकाळी स्कूटरच्या पायरीवर सीपीयू, मागे मी आणि माझ्या मांडीवर स्पीकर आणि केळ्यांचा घड.

पंधराएक लोक आले होते. मला दिसले ते सगळे डोळस. निम्म्यांना फुकट सीडी हवी होती, निम्म्यांना नोकरी. राऊतने वायरी जोडल्या, घसा खाकरला आणि भाषण सुरू केलं. एक निवृत्त मास्तर उभे राहिले. "ते सगळं ठीक आहे, पण आम्ही बघायचं कुठे?"

टेबलावर मॉनिटर नव्हता.

"तो कशाला लाग..." राऊत म्हणाला आणि मग त्याचा चेहरा पडला. तीन वर्षं डोळ्यांना पंचा बांधून काम केलेला माणूस. मॉनिटर नावाची वस्तू असते, हेच तो विसरला होता! हॉलमध्ये जो हशा पिकला, त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. दहा मिनिटांत लोक केळी खाऊन पांगले.

शेवटच्या खुर्चीत एक बाई तेवढ्या उरल्या. पन्नाशीच्या, केसांत अबोलीचा गजरा, हातात पांढरी काठी.

"शशी, गेले का रे सगळे?"

"गेले, ताई."

"मग मी बसू?"

राऊतने त्यांना खुर्चीत बसवलं आणि पिशवीतून तो साबुदाण्याचा कळफलक काढून जोडला. हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवला. "ताई, तुला वाटेल ते लिही," म्हणाला आणि तडक बाहेर जाऊन स्कूटरपाशी पाठ करून उभा राहिला.

बाई सराईतपणे टाईप करू लागल्या. मधेच थांबून एका कानावरचा हेडफोन सरकवला. "तुम्ही परब ना? सहा महिने मी या मुक्या कळफलकावर सराव केला हो. अर्धवट आवाज तो मला ऐकवेना."

"एवढा अट्टहास कशाला, ताई? तो आहे की वाचून दाखवायला."

त्या हसल्या. "विसाव्या वर्षी माझे डोळे गेले. साखरपुडा झालेला होता. त्या मुलाचं पत्र आलं, ते शशीने वाचून दाखवलं. चौदा वर्षांचं पोर. म्हणाला, काम फार आहे, दिवाळीनंतर येतो असं लिहिलंय. त्या पत्रात नकार होता."

"मग? तुम्हाला कळलं कधी?"

"तेव्हाच. आवाज कापत होता त्याचा. पण त्याने एवढ्या मायेने खोटं वाचलं, मग मलाही दोन वर्षं वाट पाहिल्यासारखं करावं लागलं. त्याला सांगू नका हं." आणि हेडफोन लावून त्या पुन्हा लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. काय लिहिलं ते दिसायला पडदाच नव्हता.

ताईंना रिक्षात बसवून दिल्यावर आम्ही सायबर कॅफेत गेलो. राऊतने ती फाईल न उघडता पाठवून दिली.

"वाच तरी!" मी म्हणालो.

"मधे माणूस नको."

"त्या फिनलंडच्या बाईला मराठी येतं?"

"नाही. पण नियम म्हणजे नियम."

पुढच्या आवृत्तीत मराठी आली. ताईंनी काय लिहिलं होतं, ते मात्र आजवर कुणीच वाचलेलं नाही.

त्या दिवशी परतताना वाटेत राऊतने स्कूटर बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मग पाठमोराच म्हणाला, "परब, मी ताईला एकदा एक पत्र खोटं वाचून दाखवलंय. तिला अजून माहीत नाही."

मांडीवर स्पीकर घेऊन मी मागे बसलो होतो. ओठांवर आलेलं मी गिळलं. तीन वर्षं मी या माणसाला हसलो होतो, आणि आता त्या दोघांच्या मधला माणूस मीच होतो.

"नसेल माहीत," मी म्हणालो. माझाही आवाज कापला. राऊतने स्कूटर सुरू केली.