शुद्ध हवेचा प्लॅन

नोव्हेंबरातल्या एका सकाळी सूर्यकांतने सतराव्या मजल्यावरच्या बाल्कनीचं दार उघडलं, समोरचा टॉवर दिल्लीच्या धुरात गायब झाल्याची खात्री केली, दार धाडकन लावलं आणि जाहीर केलं, "बस्स झालं. मार्चमध्ये आपण चियांग माईला जातोय."

"कुठं?" अण्णासाहेबांनी मफलरमधून तोंड बाहेर काढलं.

"थायलंडच्या उत्तरेला. डोंगर, जंगल, देवळं. चार दिवस शुद्ध हवा! तुमच्या खोकल्यासाठीच काढलाय प्लॅन."

"खोकला आत्ता आहे आणि हवा मार्चमध्ये खायची?"

"सुट्टी तेव्हाच मिळते, अण्णा. होळीला जोडून शनिवार-रविवार येतोय. इथं काय राहिलंय? ते पंजाबवाले शेतं जाळतात आणि मरतो आपण."

"आणि तुझी डिझेलची गाडी काय उदबत्ती सोडते?"

केंद्र सरकारात नोकरी करून निवृत्त झालेल्या या म्हाताऱ्याने आयुष्यात मुलाला एकदाही 'बरोबर आहे तुझं' म्हटलं नव्हतं. दहावीला पहिला आला तेव्हा "पेपर सोपे होते," म्हणाले. मानेसरच्या कारखान्यात मॅनेजर झाला तेव्हा "आधीचा गेला असेल सोडून." हा फ्लॅट घेतला तेव्हा तर "लिफ्ट बंद पडली की कळेल." आता मात्र सूर्यकांतने मनाशी पक्कं केलं होतं. चियांग माईच्या डोंगरावर उभं करून या माणसाकडून ते तीन शब्द वदवून घ्यायचेच.

आपला हा वर्ग मोठा मजेशीर आहे. हवा घाण केली की ती साफ करायच्या भानगडीत तो पडत नाही. दुसरी हवा बुक करतो.

सूर्यकांतने पीपीटी बनवली. पहिल्या स्लाइडवर दिल्लीचा धूर, दुसऱ्यावर चियांग माईचे हिरवेगार डोंगर. दुसरा फोटो हॉटेलच्याच वेबसाइटवरचा होता.

"हॉटेल इतकं स्वस्त कसं?" हेमलताने विचारलं. नवऱ्याच्या प्रत्येक प्लॅनमध्ये भोक कुठं आहे ते तिला आधी दिसायचं आणि तिचं कुणी ऐकायचं नाही.

"मार्चमध्ये तिथं सीझन नसतो."

"का नसतो?"

"लोक मूर्ख असतात म्हणून! गर्दीच्या मागे धावतात. जरा डोकं चालवलं की अर्ध्या भावात मिळतं."

पीपीटी पार्किंगमध्ये अविनाशला दाखवली. तो आणि त्याची बायको वीणा शेजारच्याच टॉवरमधले. "बिल्कुल चलेंगे यार!" अविनाश म्हणाला. त्याने ती सोसायटीतल्याच श्रीरंगला पाठवली, श्रीरंगने बायकोला, अलकाला, न विचारता हो म्हटलं. तीन घरं झाली. मग व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, ग्रुपला नाव मिळालं 'मोकळा श्वास', त्या नावाचे टी-शर्ट छापले गेले, आणि सूर्यकांतने नियम काढला की जो कोणी मास्क घेऊन येईल त्याला विमानतळावरूनच परत पाठवण्यात येईल.

अण्णासाहेबांनी टी-शर्ट घेतला, घडी केली आणि त्याच घडीने चष्मा पुसला. "मी येत नाही. मला हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या रिजवर, त्या टेकडीवरच्या झाडीत सोडा. तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना रोज फिरायचो. ती हवा मला पुरते."

"तिथं काय हवा राहिलीय अण्णा? मी तुम्हाला तिथून व्हिडिओ कॉल करीन ना, तेव्हा स्वतः म्हणाल, सूर्या, बरोबर होतं तुझं!"

"बघू," अण्णासाहेब म्हणाले.

मार्च आला. निघायच्या आदल्या दिवशी हेमलता फोन घेऊन समोर येऊन उभी राहिली. "अहो, हे बघा. आज ॲपवर दिल्लीची हवा ठीकठाक दाखवतायत. चियांग माईची लालभडक."

"अदलाबदल झाली असेल."

"हॉटेलनेही मेल पाठवलंय. डोंगर दिसतीलच याची खात्री नाही म्हणतात."

"ते कायदेशीर लिहावं लागतं त्यांना. ग्रुपवर टाकू नकोस. लोक उगाच पॅनिक होतात."

हेमलताने ग्रुपवर टाकलं नाही. तिने फक्त वीणाला फोन केला.

बँकॉकला विमान बदलून मंडळी चियांग माईवर आली. विमान खाली उतरू लागलं. सगळे खिडकीला नाक लावून बसले होते. खिडकीबाहेर ढग नव्हते, डोंगर नव्हते, जंगल नव्हतं. चहात बुडवलेल्या फडक्याच्या रंगाचं काहीतरी होतं.

"अरे," श्रीरंग म्हणाला, "परत दिल्लीलाच आणलं की काय?"

अलकाने टी-शर्टवरून जॅकेट घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने मास्कमागून हसून हात जोडले. आजूबाजूची शेतं आणि रानं या दिवसांत पेटतात, दरवर्षीच असं होतं, तिने समजावलं. मग विचारलं, आपण कुठून आलात?

"दिल्ली," सूर्यकांत पुटपुटला.

मुलीच्या डोळ्यांत एकदम आदर आला. "मग तुम्हाला सवय असेल!"

"तरीच स्वस्त," अलका म्हणाली. ती श्रीरंगकडे बघत होती, पण ऐकवत सूर्यकांतला होती.

वीणाने पर्स उघडली आणि सहा मास्क काढले. "नियम माहीत आहे, भाईसाहब. पाठवा मला परत. चलो, आत्ता निघते."

दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या देवळात गेले. देऊळ सोन्यासारखं झळकत होतं, कारण ते हातभरावर होतं. कठड्यापाशी गाइडने अभिमानाने हात पसरला. इथून सगळं शहर दिसतं, म्हणाला. सहाही जण इमानदारीत त्या मळकट पोकळीकडे बघत राहिले.

"आपल्याकडे होळी एक रात्र पेटते," हेमलता म्हणाली. "इथं सीझनभर."

तेवढ्यात फोन वाजला. अण्णासाहेब. सूर्यकांतने कापायचं बटण शोधलं, पण हेमलताने त्याच्या हातावरून बोट टेकवून कॉल घेतला.

पडद्यावर अण्णासाहेब बाल्कनीत उभे होते. मफलर नाही, खोकला नाही. मागे निळंशार आभाळ, आणि लांब, स्पष्ट, अरवलीची रांग. ती तिथं असते हे त्या सोसायटीत फक्त ब्रोशर वाचणाऱ्यांना माहीत होतं.

"काल संध्याकाळपासून काय वारा सुटलाय, सूर्या! आणि तू तोंडाला काय बांधलंयस? शुद्ध हवा सोसेना का?"

"धूळ आहे जरा," सूर्यकांत म्हणाला आणि खोकला.

अण्णासाहेब मुलाचा खोकला संपेपर्यंत थांबले. मग कठड्यावरून खाली पार्किंगकडे वाकून बघितलं. तिथं तीन घरांच्या पाच गाड्या झाकणं घालून उभ्या होत्या.

"सूर्या," ते म्हणाले, "बरोबर होतं तुझं."

सूर्यकांतने मास्क खाली ओढला. पन्नास वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं अचानक आलं होतं. "काय, अण्णा?"

"तू म्हणायचास ना, चार दिवस बाहेर जायला हवं, हवेसाठी. अगदी खरं. तुम्ही सगळे गेलात आणि काय हवा सुधारलीय रे इथली!" अण्णासाहेबांनी छाती भरून श्वास घेतला. "अजून आठवडाभर राहा की."