पेटवण्यापुरता एक झुरका

व्हितोमिरनं सिगारेट सोडली.

आता हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजायचं. गावातही सगळे तसंच समजून वागतात. खुद्द व्हितोमिरला विचारलं तर तो म्हणतो, "मी? मी धरली कधी होती?" त्याची मुलगी दुन्या विषय बदलते. आणि या प्रकरणाशी ज्यांचा सगळ्यात जवळून संबंध आला ती मंडळी टेकडीवरच्या दफनभूमीत आडवी आहेत, त्यांना विचारायची सोय नाही. तेव्हा व्हितोमिर अजून ओढतोय, इथूनच सुरुवात करू.

तो ओढत होता आणि त्याची छाती वाजत होती. जिना चढायला लागला की भोक पडलेलं अकॉर्डियन कोणीतरी पायऱ्यांवरून फरफटत नेतंय असं वाटायचं. छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, मग व्हितोमिरकडे बघितलं, मग परत एक्स-रेकडे. दोघांपैकी जिवंत कोण, याची ते खात्री करून घेत असावेत.

"जेवढं फुप्फुस गेलं तेवढं गेलं," ते म्हणाले. "उरलंय ते सांभाळा. आजपासून एकही नाही."

"आणि चुकून एखादी..."

"तर घरी ऑक्सिजनचं नळकांडं येईल. मग त्याच्या शेजारी बसून काडी पेटवलीत, तर तो झुरका साऱ्या गावाला ऐकू जाईल."

दुन्या जिल्ह्याच्या शहरात औषधाच्या दुकानात कामाला होती. दर शनिवारी बसनं गावी यायची. त्या शनिवारी ती एक व्हेप घेऊन आली. डॉक्टरांनी त्याबद्दल नाक मुरडलं होतं, 'हेही नकोच, पण निदान धूर तरी नाही' असं म्हणाले होते, आणि तेवढी परवानगी दुन्याला पुरेशी होती. तिनं ते यंत्र कॉफीच्या कपाशेजारी ठेवलं, जिथे एरवी सिगारेटचं पाकीट असायचं.

"हे काय?" व्हितोमिर म्हणाला.

"यातून ओढायचं. जळत काही नाही. नुसती वाफ येते."

"चव कसली?"

"ब्लूबेरी."

व्हितोमिरनं यंत्र उलटंपालटं करून बघितलं. "बाळा, जन्मभर तंबाखू ओढली. आता मरायच्या वेळेला जाम ओढू?"

"मरायची वेळ येऊ नये म्हणूनच ओढायचं."

"आणि ही वायर?"

"चार्ज करायला."

"म्हणजे वीज गेली की माझं व्यसन सुटलं. हे बरंय. सरकारच सोडवेल."

एवढं बोलून त्यानं ओढलं. सवयीप्रमाणे पोटापासून ओढलं. स्वयंपाकघरात एवढा ढग झाला की बापलेकीला एकमेकांची तोंडं दिसेनात. दुन्या खिडकी उघडायला धावली.

"खिडकी नको!" ढगातून व्हितोमिर ओरडला. "दार उघडं आहे, आरपार वारा लागेल! मारतेस की काय मला?"

धुरानं माणूस मरतो हे त्या गावात अजून सिद्ध व्हायचं होतं, पण आरपार वाऱ्यानं मेलेले सगळ्यांच्या माहितीतले होते. तरी दुन्यानं खिडकी उघडली. ढग बाहेर पडला आणि कुंपणावरून शेजारी गेला. दिवस आलुबुखाराचे. घरोघरी त्यांची दारू, म्हणजे राकिया, गाळायची तयारी चाललेली. थोड्याच वेळात शेजारच्या स्तामेनाकाकू रिकामी बाटली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"व्हितोमिरभाऊ, एवढ्या लवकर लावली? पहिल्या धारेची आहे ना?"

त्यांच्यामागे पोस्टमन होता. त्याच्या हातात पेला होता आणि चेहऱ्यावर आपण पत्र द्यायला आलोय असा भाव होता. दुन्यानं दोघांना यंत्र दाखवलं. ते कसं चालतं, त्यात फळाची चव कशी असते, सगळं समजावलं. स्तामेनाकाकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे प्यायला काहीच निघत नाही?"

"नाही, काकू."

"वाया गेली की गं फळं," असं म्हणून त्या बाटली घेऊन परत गेल्या.

संध्याकाळपर्यंत व्हितोमिर शरण आला. त्यानं एकेक पाकीट काढून दिलं. भिंतीवरच्या घड्याळामागचं, गमबुटातलं, मधाच्या रिकाम्या पेटीतलं, आणि सगळ्यात शेवटी संत निकोलसच्या तसबिरीमागचं.

"देवाच्या मागे?" दुन्या म्हणाली.

"त्यांना विचारून ठेवलं होतं." मग तो जरा थांबला. "एकच अट आहे. शनिवारी तुझ्या आईची तेवढी पेटवायची."

मेलेल्या माणसाला भेटायला रिकाम्या हातानं कोणी जात नाही. ज्याचं जे आवडतं ते न्यायचं. कॉफी न्यायची, घोटभर राकिया मातीवर ओतायची, आणि माणूस ओढणारा असेल तर सिगारेट पेटवून दगडाच्या कडेवर ठेवायची. ती आपोआप संपते. कोण संपवतं ते विचारायचं नसतं.

"पण आई कुठे ओढायची?"

व्हितोमिरनं यंत्राचं बटण उगाच दाबलं. "लग्नाआधी ओढायची."

"मग आता कशाला?"

"मेल्यावर माणूस जुन्या सवयींवर येतो, बाळा."

दुन्यानं हिशेब केला. आठवड्याला एक, तीही मेलेल्या बाईनं ओढायची. औषधशास्त्राच्या दृष्टीनं हे प्रमाण नगण्य होतं. ती हो म्हणाली.

पहिल्या शनिवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. म्हणजे व्हितोमिरनं सिगारेट ओठात धरली, एक झुरका घेतला आणि दगडावर ठेवली.

"ओढलीत तुम्ही!"

"पेटवण्यापुरता एक झुरका."

"नुसता लायटर धरायचा ना खाली."

"न ओढता पेटवलेली सिगारेट एका बाजूनं जळते. तसली ठेवली तर तुझी आई उठून येईल." तेवढ्यात टेकडीवरच्या वाऱ्यानं सिगारेट विझली. ती परत पेटवावी लागली. वाऱ्याला कोणी सांगायचं?

पुढच्या आठवड्यात व्हितोमिरच्या लक्षात आलं की बायकोच्या, देसांकाच्या, शेजारी तिचा भाऊ रातोमिर पडलाय. बहिणीनं ओढायची आणि त्यानं बघत पडायचं, हे काही बरं दिसेना. त्यालाही एक सुरू झाली. रातोमिरच्या पलीकडे व्हितोमिरचा पलटणीतला दोस्त होता, त्याच्या पायथ्याशी न्हावी. मग कुंपणावरून ज्याच्याशी जन्मभर भांडण होतं तो ल्युबिशा. त्याला व्हितोमिरनं मोठ्या मनानं माफ केलं आणि माफी पक्की व्हावी म्हणून दोन पेटवल्या. शनिवार पुरेना. बुधवारही धरला. मग पावसानं एक बुधवार बुडाला, त्याची भरपाई गुरुवारी करावी लागली, आणि गुरुवार एकदा सुरू झाला तो राहिलाच.

दुन्या शहरातून फोन करायची. "बाबा, यंत्र वापरताय ना?"

"रोज चार्ज करतो."

हे खरं होतं. यंत्र रोज चार्ज होत होतं. त्याच्याइतकं ताजंतवानं घरात दुसरं कोणी नव्हतं.

पाद्री गाव्रिलो यांनी तर रविवारी भर चर्चमध्ये त्याचं उदाहरण दिलं. "आजकाल जिवंत माणूस मेलेल्याला विसरतो. आपला व्हितोमिर बघा! पावलापावलाला धाप लागते, पण टेकडी चढल्याशिवाय राहत नाही." त्यानंतर गावातल्या विधवा त्याच्या घरी येऊ लागल्या. गुडघ्यामुळे त्यांना चढण होत नव्हती. आपापल्या नवऱ्याची पाकिटं त्या व्हितोमिरकडे पोचवायच्या, कोणाला कडक लागते, कोणाला सौम्य, ते सांगायच्या. त्यानं या पुण्यकर्माला नाही म्हटलं नाही.

हे सगळं दुन्याला कळलं ते बसथांब्यावर. रुझित्साकाकूंनी तिच्या हातात चीज भरलेला गरम बुरेक ठेवला आणि डोळ्याला पदर लावला... म्हणजे डोक्याचा रुमाल.

"तुझा बाप देवमाणूस, पोरी. माझ्या मिलेंकोला रोज दोन देतो. जिवंतपणी मी एकसुद्धा देत नव्हते."

दुन्या बुरेकसकट टेकडी चढली. वर धुकं होतं. फाटकापाशी पोचल्यावर तिला कळलं की ते धुकं नाही. ओळीनं सगळे दगड धुमसत होते, आणि मधोमध, देसांकाच्या कबरीच्या कठड्यावर, व्हितोमिर गुडघ्यांवर हात रोवून खोकत होता. खोकला थांबेना. दुन्या शेजारी उभी राहिली. ओरडायला आली होती, पण त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. हाताखाली बरगड्या मोजता आल्या असत्या.

"किती झाल्या?"

"मी ओढत नाही," त्याला श्वास मिळाल्यावर तो म्हणाला. "पेटवतो."

"किती पेटवल्या?"

"माणसं किती मेलीत ते मी ठरवतो का?"

दुन्यानं त्याच्या खिशातून लायटर काढून घेतला. "आजपासून मी पेटवीन. तुम्ही फाटकाशी बसायचं, ब्लूबेरी घेऊन."

"तुला जमायचं नाही."

"फार्मसीची पदवी आहे माझ्याकडे."

पदवीचा काही उपयोग झाला नाही. पहिल्या झुरक्याला ती खोकली, दुसऱ्याला हिरवी पडली आणि न्हाव्याच्या कबरीवर तिला बसावं लागलं. त्या दिवशी कशीबशी चढण चढून आलेल्या रुझित्साकाकू शेजारून सूचना देत होत्या. "जोरात ओढ गं! माझा मिलेंको असली मरतुकडी सिगारेट घेत नसे!" फाटकाशी बसलेला व्हितोमिर ब्लूबेरीचे ढग सोडत होता. त्याची छाती हळूहळू कमी वाजायला लागली होती. उपाय लागू पडत होता, त्यामुळे दुन्यानं तो चालू ठेवला. तिसऱ्या शनिवारी ती खोकली नाही. त्यानंतर एकदा बसमध्ये तिच्या लक्षात आलं की आपण खिडकीतून टेकडी कधी दिसते ते बघतोय. मग एका मंगळवारी, दुकानाच्या मागच्या बाजूला, खोक्यांच्या आडोशाला उभं राहून तिनं एक पेटवली. कोणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. ओळखीचं कोणी मेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी दगडांवरच्या पेटवून झाल्यावर ती विसरलेली कॉफी आणायला घाईनं घरी उतरली, तेव्हा स्तामेनाकाकूंनी तिला कुंपणापाशी अडवलं. तिचा हात हुंगला, तोंडाजवळ नाक नेलं आणि वाफ्यातून पार्सलीची जुडी उपटून तिच्या हातात दिली.

"हे चघळ. बापाला वास येणार नाही. तुझी आई हेच करायची."

"आई पार्सली खायची ती रक्तासाठी," दुन्या म्हणाली. "लोह असतं त्यात. दुकानात मी सगळ्यांना सांगते."

"कसलं लोह न् कसलं काय! खुराड्यामागे उभी राहायची देसांका. रोज संध्याकाळी."

"लग्नाआधी ना?"

"लग्नाआधी खुराडं कुठं होतं?" काकूंनी हात झटकले. "तू शाळेतून तो सिगारेटच्या धुरानं काळा केलेला बाटलीतला कापूस घेऊन आली होतीस बघ. आई मरणार म्हणून रात्रभर रडलीस. तेव्हापासून घरात नाही पेटवली तिनं. तुझं पाऊल वाजलं की विझवायची. म्हणायची, अर्धी तर अर्धी. आख्खी सिगारेट बिचारीला मेल्यावरच मिळाली. म्हणून तर तुझा बाप ती एवढी नीट पेटवायचा."

दुन्या पार्सली हातात धरून उभी राहिली. मग खाल्ली. दुसरं काय करायचं ते सुचेना.

ती परत वर आली तेव्हा व्हितोमिर फाटकाशीच होता. ती शेजारी बसली तसा तो ढग सोडायचा थांबला. त्यानं वास घेतला. आपल्या घरात तो वास त्यानं वर्षानुवर्षं घेतला होता, न बोलता.

"पार्सली," तो म्हणाला.

"रक्तासाठी."

"किती दिवस?"

"मी ओढत नाही, बाबा. पेटवते."

व्हितोमिर उठला, जुन्या अकॉर्डियनला झेपेल एवढ्या वेगानं वर गेला, दगडांवरच्या सगळ्या सिगारेटी एकेक करून बुटानं विझवल्या आणि मिलेंकोच्या कबरीशी बसलेल्या रुझित्साकाकूंसमोर उभा राहिला.

"मेलेल्यांनी सोडली," त्यानं जाहीर केलं.

"मिलेंकोनंसुद्धा?"

"सगळ्यांनी. एकदम."

"मला बोलला नाही तो."

"तुला तो कधी काय बोलला होता, रुझित्सा?"

रुझित्साकाकूंनी मिलेंकोचं पाकीट पिशवीत परत टाकलं. लायटर त्याच दिवशी विहिरीत गेला. दुन्याचं सुटायला बापापेक्षा जास्त दिवस लागले, पण त्याविषयी घरात बोलत नाहीत. तिला शेवटी बरं वाटलं, त्यालाही जिना चढता येऊ लागला, आणि एवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण देसांकाच्या दगडाची कडा आता कोरडी आणि स्वच्छ असते. व्हितोमिरनं पेटवली तर श्वास जातो, दुन्यानं पेटवली तर सवय परत येते. दोघं शनिवारी तिथं कॉफी घेऊन बसतात आणि कडेकडे बघत नाहीत.

म्हणून दुन्यानं दफनभूमीच्या कार्यालयात एक अर्ज दिला आहे. तो आवक-जावकमध्ये नोंदला गेला असून त्याचा मजकूर असा:

"विषय: कायम रहिवासी श्रीमती देसांका पेरिशिच यांना स्वतःची सिगारेट स्वतः पेटवण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, वरील रहिवासी यांना सिगारेट पेटवून देण्यास कुटुंबातील कोणीही सध्या वैद्यकीयदृष्ट्या पात्र नाही. सबब त्यांना दर शनिवारी सायंकाळी एक सिगारेट संपेल इतका वेळ उठण्याची मुभा देण्यात यावी. सदर वेळेत अर्जदार आवारात फिरकणार नाही, पावलं वाजवणार नाही, व सिगारेट शेवटपर्यंत ओढून होईस्तोवर आईला हाक मारणार नाही, अशी लेखी हमी देत आहे. तरी विनंतीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा."