जोडीची खुर्ची

माझी बायको माझ्या खुर्चीला सवत म्हणते. ही खुर्ची म्हणजे मागे रेलणारी, तपकिरी कातड्याची, गुबगुबीत हातांची अशी एक बाई... म्हणजे वस्तू आहे. ऑफिसातून आलो की मी तिच्यात जाऊन पडतो आणि जेवायची हाक येईपर्यंत उठत नाही. (कधीकधी हाक आल्यावरही उठत नाही. मग दुसरी हाक येते. ती शेजाऱ्यांनाही ऐकू जाते.)

"घरात आल्यापासून तुम्ही त्या खुर्चीशी जेवढं बोलता ना, त्याच्या निम्मं माझ्याशी बोललात तरी चालेल," बायको एकदा म्हणाली.

"मी खुर्चीशी कुठे बोलतो?"

"मग माझ्याशी बोलता का?"

मी ते मनावर घेतलं. खूप विचार केला. (अर्थात खुर्चीत बसूनच.) आणि मूळ मुद्दा माझ्या लक्षात आला. खुर्ची आहे म्हणून ती चिडत नाही, खुर्ची एकच आहे म्हणून चिडते! तशीच दुसरी आणली, शेजारी मांडली, की दोघं राजा-राणीसारखे बसू. तिला आधी काही सांगायचं नाही. एकदम दारात खुर्ची!

नवी घ्यायची म्हणजे फार पैसे पडले असते. म्हणून जुन्या वस्तूंच्या जाहिराती असतात त्या ॲपवर शोधायला लागलो. चार-दोन दिवस नुसते पाळणे आणि मोडके पंखे दिसत होते. आणि मग ती दिसली.

काय सांगू! तोच रंग, तेच रेलणं, तीच बटणं. इतकंच काय, डाव्या हातावरचं कातडं माझ्या खुर्चीचं जिथे उसवलंय, तिथेच हिचंही उसवलेलं! मला गहिवरून आलं. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोघी बहिणी, वाटा फुटलेल्या, आणि आता माझ्यामुळे भेटणार. फोटोत खुर्चीखाली एक निळा मोजा पडलेला दिसत होता. तो पाहून मालकाबद्दलही आपुलकी वाटली. हाही आपल्यासारखाच माणूस दिसतोय.

आता थोडं माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी सरकारी कचेरीत नक्कल विभागात आहे. मूळ कागद आणि त्याची नक्कल शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायची आणि 'बरोबर आहे' असा शिक्का मारायचा, हे माझं काम. एक वेलांटी चुकली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. (असं माझं मत आहे. साहेबांचं वेगळं आहे.)

मालकाला निरोप पाठवला. लगेच उत्तर आलं. मालक म्हणजे घशाचे डॉक्टर होते, त्यांना परदेशात बोलावणं आलं होतं आणि घर घाईघाईने रिकामं करायचं होतं. म्हणून तर किंमत इतकी कमी. मी म्हटलं, फोनवर बोलू या का? तर त्यांनी लिहिलं, 'माझाच घसा बसला आहे.' मला वाईट वाटलं. मी त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. घशाच्या डॉक्टरला!

'खुर्ची पाहायला येऊ का?' मी विचारलं.

'घर बंद आहे. खुर्ची वाहतूक कंपनीच्या गोदामात आहे. पण तुम्ही काळजी करू नका. आजकाल फसवणूक फार होते, म्हणून मी मध्यस्थामार्फतच व्यवहार करतो.'

फसवणुकीची काळजी समोरचाच करतोय म्हटल्यावर मी करायचं कारण उरलं नाही. त्यांनी मध्यस्थाच्या संकेतस्थळाची लिंकही स्वतःच पाठवली. सोय अशी, की पैसे मध्यस्थाकडे ठेवायचे, खुर्ची हातात आली की आपण 'मिळाली' म्हणायचं, मग मध्यस्थ डॉक्टरांना पैसे देणार. किती सुंदर व्यवस्था! वर कुलपाचं चित्र होतं, खाली हात मिळवणाऱ्या दोन माणसांचं. पत्त्यात 'विश्वास' या शब्दात एक अक्षर जास्त होतं खरं, पण मला वाटलं, विश्वास जरा जास्त असलेला बरा.

एक सांगायला हवं. माझा मेहुणा या बाबतीतला जाणकार आहे. 'जुनी वस्तू घेताना सावधान' असा त्याचा लांबलचक संदेश घरच्या ग्रुपवर आला होता. विक्रेत्याने सुचवलेला मध्यस्थ टाळा, वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, वस्तूवर चमचा ठेवून ताजा फोटो मागा, असं बरंच काही त्यात होतं. हे मला आता माहीत झालंय. तेव्हा मी तो संदेश न वाचताच ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवून दिला होता.

तर आधी थोडं टोकन मोबाइलवरून पाठवलं. मग शुक्रवारी, पोट बिघडल्याचं सांगून रजा टाकली. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. नेहमीसारखा डबा घेऊन बाहेर पडलो, कोपऱ्यावर थांबलो, ती भाजी आणायला गेलेली पाहिली आणि परत घरात शिरलो. स्वतःच्याच घरात चोरासारखा. मग खुर्चीत बसून बाकीची रक्कम आमच्या दोघांच्या खात्यातून पाठवली. मध्यस्थाच्या पानावर 'मी पैसे भरले आहेत' असं बटण होतं. ते दाबताच पडद्यावर एक इवलासा ट्रक धावायला लागला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

ट्रक अर्ध्यावर गेला आणि थांबला. खाली अक्षरं उमटली. 'वाहतूक विम्याची रक्कम भरावी. ही रक्कम परत मिळेल. एक तासात न भरल्यास खुर्ची गोदामात परत जाईल.'

मी खुर्चीत ताठ उठून बसलो. बिचारी अर्ध्या वाटेवर ताटकळत असणार! परत मिळणारीच रक्कम आहे तर भरायला काय हरकत, असं म्हणून मी पुन्हा मोबाइल हातात घेतला, तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात एक दाढीवाला गृहस्थ आणि त्याच्यामागे एक टेम्पोवाला.

"खुर्ची," दाढीवाला म्हणाला.

"आली?" मी ओरडलोच. "अहो, विमा अजून भरला नाही मी!"

"कसला विमा?"

"वाहतुकीचा."

"खाली टेम्पो उभा आहे. दोन गल्ल्या जायचंय. विमा कशाला लागतोय?"

काय माणुसकी! मी दार सताड उघडलं. "या, या. आणा आत. दाराला घासू नका फक्त."

"आत काय आणा?" तो म्हणाला. "बाहेर काढायचीय."

"आधी आत आल्याशिवाय बाहेर कशी काढणार?"

दाढीवाल्याने टेम्पोवाल्याकडे पाहिलं. टेम्पोवाल्याने आकाशाकडे पाहिलं.

"हे पाहा," दाढीवाला लहान मुलाला समजावतात तसं म्हणाला, "मी नाटक कंपनीतला. आमच्या नाटकात एक श्रीमंत म्हातारा दुसऱ्या अंकात खुर्चीत बसून मरतो. आधीची खुर्ची त्याच्या आधी मोडली. आज संध्याकाळी प्रयोग आहे. खुर्ची द्या, मी निघतो."

"म्हणजे डॉक्टरांनी ती तुम्हालाही विकली?"

"कुठले डॉक्टर? बाईंशी बोलणं झालंय माझं."

"कोणत्या बाई?"

"जाहिरात टाकली त्या." आणि तो खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला, "हीच की ती!"

"छे, ही माझी. तुमची वाटेत आहे."

त्याने मोबाइल काढून फोटो दाखवला. मी माझा काढून दाखवला. एकच फोटो. मग आम्ही तिघांनी खुर्चीकडे पाहिलं. तीच उसवण, तीच बटणं. टेम्पोवाला खाली वाकला आणि खुर्चीखालून एक निळा मोजा ओढून काढला.

मी माझ्या पायांकडे पाहिलं. एका पायात निळा मोजा होता. दुसऱ्यात राखाडी. जोडी सापडत नाही म्हणून गेले कित्येक दिवस मी तसाच ऑफिसला जात होतो.

"आयला," टेम्पोवाला हळूच म्हणाला, "साहेब स्वतःचीच खुर्ची विकत घेत होते."

तेवढ्यात बायको जिन्यावरून धापा टाकत आली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. मला पाहून दचकली. पण तिच्याजवळची बातमी जास्त जोरात होती.

"अहो, बरं झालं घरी आहात! कोणीतरी चोर आपल्या खात्यातून पैसे काढत होता! बँकेतून बाईचा फोन आला, नव्या खात्यात एवढी मोठी रक्कम जातेय, तुम्हीच पाठवताय का? मी म्हटलं, मुळीच नाही! थांबवा आधी! थांबवली त्यांनी." मग तिची नजर दाढीवाल्यावर गेली आणि आवाज एकदम खाली आला. "तुम्ही... ऑफिसला नाही गेलात?"

"तू माझी खुर्ची विकतेस?" मी विचारलं.

"तुम्ही रजा काढलीत?"

"मी ऑफिसला गेल्यावर गुपचूप?"

"मग काय तुम्हाला बसवून विकू?"

दाढीवाला मध्ये पडला. त्याने डॉक्टर, विमा आणि मोजा हा सगळा इतिहास नाटकवाल्याला शोभेल अशा आवाजात सांगितला. बायकोने माझ्या मोबाइलवर सगळं वाचलं. गुळण्यांच्या सल्ल्यापाशी ती जरा थांबली.

"मी टाकलेला फोटो कोणा लुच्च्याने उचलला," ती म्हणाली. "पण तुम्ही तो ओळखू नये? दिवसभर नकला तपासता ना तुम्ही?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आणि घरात एक खुर्ची असताना दुसरी कशाला हवी होती?"

"तुझ्यासाठी," मी म्हणालो. "शेजारी बसायला."

तिने भाजीची पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली. "आधी सांगायचं नाही का?" ती म्हणाली, आणि दाढीवाल्याकडे वळली. "अहो, राहू दे हो. आम्हाला नाही विकायची."

"बाई!" दाढीवाला कळवळला. "आमचा म्हातारा काय उभ्याउभ्या मरणार?"

त्याचा चेहरा इतका पडला, की मीच मोठेपणा घेतला. "न्या," मी म्हटलं. आवाज जरा चिरकला. टेम्पोवाल्याने मोजा मला सन्मानाने परत केला आणि दोघं खुर्ची उचलून जिना उतरले.

संध्याकाळी आम्ही दोघं सतरंजीवर भिंतीला टेकून बसलो. शेजारी शेजारी. बोललोसुद्धा. म्हणजे ती बोलली आणि मी मेहुण्याचा संदेश मोठ्याने वाचून दाखवला, तशी शिक्षाच होती मला. पण खरं सांगतो, वाईट नव्हती ती संध्याकाळ. टोकन तेवढं बुडालं. मोठी रक्कम शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. तक्रार नोंदवल्याशिवाय त्या लुच्च्याचं खातं बंद होणार नव्हतं. काचेपलीकडची बाई फार गोड होती. तिने मला कॉम्प्युटरवरची नोंद वाचून दाखवली.

"व्यवहार खातेदार बाईंच्या सांगण्यावरून थांबवला. घरातल्या इतर कोणी पैसे पाठवले असतील का, असं विचारलं असता बाईंनी सांगितलं..." ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

"वाचा ना," मी म्हणालो.

"बाईंनी सांगितलं, 'नवरा आहे, पण तो इतका बावळट नाही.'"

मला काय वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने माझी परक्या माणसासमोर केलेली ही पहिली स्तुती. तीही बँकेच्या दप्तरात, तारखेनिशी. मी छाती काढून बायकोकडे पाहिलं.

ती काचेजवळ वाकून त्या बाईला म्हणत होती, "ताई, तेवढी एक ओळ दुरुस्त करून मिळेल का?"