काढ म्हंजी काढ

समृद्धीच्या कीबोर्डवर फक्त एंटरचं बटण गुळगुळीत झालं होतं. बँकेच्या दौंड शाखेतले सल्लागार गावोगाव फिरून लोकांना गुंतवणूक सुचवत. ते सौदे संगणकावर टाकायचं काम तिचं. डोकं त्यांचं, बोट हिचं. दिवाळीपासून एक वाक्य तिच्या मनात घोळत होतं, पण दुसरी नोकरी हाताशी नसल्यानं ती ते रोज गिळत होती.

त्या सकाळी वरवंडहून सल्लागार सत्यजीतचा फोन आला.

"समृद्धी, पोपटआबांचा फंड काढ. आजच."

"काढ म्हणजे? नवीन घ्यायचा की आहे तो विकायचा?"

"अगं, काढ म्हंजी काढ! गाडीवर हाय मी," म्हणून त्यानं फोन कापला.

नियमाप्रमाणे तिनं आबांनाही विचारलं. "आबा, फंड काढायचा ना?"

"व्हय, काढा की."

"सगळा?"

"आता अर्धा कुनी काढतं का, पोरी?" म्हणत आबांनी ओटीपीसुद्धा वाचून दाखवला.

तिनं सगळा विकला.

संध्याकाळी सत्यजीत तणतणत आला. आबांना नवीन फंड घ्यायचा होता, पॉलिसी काढतात तसा. साहेबांनी लगेच समृद्धीच्या नावे मेमो काढला.

"मी दोघांनाही विचारलं होतं, साहेब."

"विचारलंत. पण नीट नाही विचारलंत."

दोन दिवसांनी बाजार धाडकन कोसळला. पोपटआबा आपल्याच मळ्यातल्या शेवंतीचा हार घेऊन शाखेत हजर!

"पडायच्या आदीच सगळा काढला ह्या पठ्ठ्यानं! आन् आमचा शेजारी दगडोबा बघा, फंड तसाच ठिवला, आता त्वांड लपवत फिरतोय."

सत्यजीतनं मान पुढे केली. "अनुभव लागतो, आबा," तो नम्रपणे म्हणाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. फोटो समृद्धीला काढायला लावला.

आबा गेल्यावर तिनं विचारलं, "साहेब, मग माझा मेमो?"

"तो राहणार. फायदा झाला तरी चूक ती चूकच."

"म्हणजे फायदा त्याचा, चूक माझी?"

"डिपार्टमेंट वेगळी आहेत ना, मॅडम." साहेबांचा आवाज मऊ झाला. "मनाला लावून घेऊ नका. पुढे तुम्ही शाखेचं नाव काढाल."

समृद्धीनं संगणक बंद केला.

"शाखेचं राहू द्या, साहेब. माझं काढा."

"काढा म्हणजे?"

त्या ऑफिसात हा प्रश्न तिच्याशिवाय कुणीतरी प्रथमच विचारत होतं.

"हजेरीतून," ती म्हणाली. "मी नोकरी सोडतेय."