तीस इंच आणि एक अंगठा

सुतारकामाच्या दुकानाचा कारभार सूनबाईने हाती घेतला आणि सासऱ्यांच्या फोनवरच्या आरडाओरड्याला सुट्टी मिळाली. "बाबा, धंद्यातलं सगळं लेखी हवं," असं तिचं म्हणणं. वाचनालयाच्या बारा टेबलांचं काम, तिचं पहिलंच मोठं काम, तिने तोंडाने एक शब्द न बोलता मिळवलं होतं. कौतुक करावं तेवढं थोडंच. 'उंची तीस इंच ना?' या मेसेजवर ग्रंथपालबाईंचा अंगठाही आला होता.

टेबलं तयार होऊन पॉलिश वाळलं, तेवढ्यात बाईंचं निमंत्रण आलं: 'उद्या सकाळी दहाला बालविभागाचं उद्घाटन.' 'बालविभाग' हा शब्द सूनबाईने पुन्हा वाचला. पाच वर्षांचं पोर तीस इंचांच्या टेबलाशी बसलं, तर वाचणार कसलं, हनुवटी टेकवून बसणार. हे काम फसलं तर पुढचं कोण देणार?

तिने मेसेज लिहायला घेतला. 'मॅडम, एक छोटीशी अडचण...' खोडला. छोटीशी कसली डोंबलाची. 'मॅडम, जरा गैरसमज...' तोही खोडला, कारण त्यात बाईंना दोष दिल्यासारखं वाटत होतं. इतक्यात पलीकडून बाईच टाइप करताना दिसल्या. ही थांबली. त्याही थांबल्या. हिने सुरू केलं, त्यांनीही केलं. पाऊण तास दोघींचं असं 'आधी तुम्ही' चाललं होतं, आणि अक्षर एक पोचलं नाही.

सासरे रंधा ठेवून आले. "काय झालं गं? चहा गार झाला तुझा."

तिने रडवेल्या आवाजात सांगितलं. ती नको नको म्हणेपर्यंत त्यांनी आपल्या बटणांच्या फोनवरून नंबर लावलाही.

"ताई, टेबलं उंच झाली बघा. चूक आमची. पाय कापतो, संध्याकाळी आणून लावतो."

पलीकडचं 'हुश्श' सूनबाईलाही ऐकू आलं. "अहो बाबा, चूक माझी. मी न वाचताच अंगठा दिला. मघापासून माफीच लिहितेय."

मग वीस मिनिटं गप्पा रंगल्या. बाईंचं माहेर झालं, गुडघा झाला, आणि फोन ठेवता ठेवता बाईंनी चोवीस खुर्च्यांचं कामही देऊन टाकलं.

"कमाल आहे बाबा तुमची."

सासऱ्यांनी ऐटीत करवत उचलली, पहिलं टेबल आडवं केलं आणि थबकले.

"किती कापायचे गं?"

"मला काय विचारता? वीस मिनिटं तुम्हीच बोलत होता ना?"

"तेवढं राहिलंच बघ." सासरे ओशाळले. "तूच टाक मेसेज. तुझ्यासारखं नेमकं नाही विचारता येत मला."

उत्तर लगेच आलं: 'उंची बावीस इंच. आणि बाबांना फोन करायला सांगा, गुडघ्याला काय लावायचं ते राहिलं.'

सूनबाईने त्यांच्या हातातली करवत काढून घेतली आणि फोन त्यांच्या हातात दिला.