नीतूच्या चेहऱ्यावरील अपघातरहित दिवस

कोणत्याही राष्ट्राची ताकद त्याच्या पोलाद-उत्पादनावरून मोजली जाते, हे भिलाईत भूगोलाच्या पुस्तकाआधी घरीच शिकवतात. नीतू रहांगडाले हिची ताकद मात्र तेल-उत्पादनात होती. सकाळी सहाला धुतलेले कपाळ सव्वासातच्या प्रार्थनेपर्यंत पूर्ण क्षमतेने चालू होई. रविवारची सुट्टी नाही, सणासुदीचा शटडाउन नाही. (दहावी ‘ब’मध्ये लाइट गेली तरी पहिल्या बाकावर उजेड असतो, असे तिची मैत्रीण भूमिका सांगते. भूमिका दुसऱ्या बाकावर बसते, त्यामुळे तिची तक्रार नाही.)

उत्पादन म्हटले की अपघात आलेच. नीतूच्या घरी पिंपलला अपघातच म्हणत, कारण तिचे बाबा, विजयकुमार रहांगडाले, चोवीस वर्षांपासून प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये आहेत आणि तिथल्या सेफ्टी कमिटीचे मेंबर आहेत. मिलच्या दारावर असतो तसा ‘अपघातरहित दिवस’ हा फलक त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून फ्रिजला चिकटवला. रोज सकाळी चहाच्या आधी तपासणी, मग नोंद. आजवरचा उच्चांक नऊ होता. (त्यातले चार दिवस नीतू गोंदियाला मामाकडे होती. तपासणीच झाली नाही.)

अपघातांचे वर्गीकरणही ठरलेले होते. नुसती ठसठस होऊन आपोआप बसला तर ‘थोडक्यात बचाव’. हनुवटीवर असेल तर किरकोळ. सुपेल्याच्या चौकातून दिसेल तर गंभीर. आणि पावडर थापून लपवलेला सगळ्यात वाईट, कारण बाबांच्या मते न कळवलेला अपघात हा दोनदा झालेला अपघात असतो.

यंदा मात्र फलकाला ऐतिहासिक महत्त्व आले. नीतूच्या शाळेत दहावीच्या प्रत्येक वर्गाचा ग्रुप फोटो फ्रेम करून व्हरांड्यात टांगतात आणि पुन्हा उतरवत नाहीत. तीस-तीस वर्षांपूर्वीच्या दीदी तिथे अजून वेण्या घालून उभ्या आहेत. म्हणजे नीतूचे नाक तिच्या नातवंडांच्या वर्गमित्रांनाही बघायला मिळणार होते. फोटोला चाळीस दिवस उरले होते आणि फलकावर शून्य होते.

बाबांनी चौकशी समिती बसवली. प्लांटच्या पद्धतीप्रमाणे पाच वेळा ‘का’, घरच्या बोलीत ‘कावून’, विचारायचे, म्हणजे मूळ कारण सापडते.

“पिंपल कावून आला?”

“तेल सुटते म्हणून,” नीतू म्हणाली.

“तेल कावून सुटते?”

“कातडीच तशी आहे मही.”

“कातडी तशी कावून हाय?”

“तुमच्यावर गेली म्हणून,” आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. “लग्नाचा अल्बम काढू का? फोटोग्राफरनं तीनदा रुमाल देल्ला होता तुमाले.”

मूळ कारण तिसऱ्याच ‘कावून’ला सापडल्यामुळे चौकशी तिथेच स्थगित झाली. अल्बम काढला नाही.

मग नीतूने मोबाइलवर वाचलेले सांगितले, की जस्ताच्या मलमाने तेल थोडे आवरते आणि सूजही उतरते. आजवर बाबांनी मुलतानी माती, कडुनिंब आणि तीन प्रकारचे फेसवॉश यांच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते. जस्त म्हटल्यावर ते ताठ बसले. हे तर घरचेच निघाले.

“लोखंडाच्या चादरीवर जस्त चढवते, मंग ते पावसात बी सडत नाही. तुह्यं तोंड त काय, चादरीपक्षा लहानच हाय.”

ट्यूबवर ‘पातळ थर लावावा’ असे छापलेले होते. ही सूचना भिलाईबाहेरच्या माणसाने लिहिली असावी, असे समितीचे एकमत झाले. तीन थर ठरले. पहिला उभा, वाळल्यावर दुसरा आडवा, तिसरा खात्रीसाठी. बाबा नखाने कोपरा खरवडून जाडी तपासत. अशी पांढरीफटक नीतू तीन दिवस अंगणात दिसल्यावर शेजारच्या गयाबाईंनी आईला कुंपणापलीकडूनच विचारले, “पोरीले कांजण्या आल्या का वं?” आणि पुढचे आठ दिवस त्या साखर मागायला आल्या नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात गालांचे पापुद्रे सुटू लागले. कोरडे पडले म्हणून आईने खोबरेल चोळले. खोबरेलामुळे तेल वाढले, म्हणून चौथा थर मंजूर झाला. फलक या काळात दोनच्या वर गेला नाही, पण काम जोरात चालू असल्याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते.

मग ट्यूब संपत आली. बाबांची ड्यूटी बदलली, बाजारात जाणे राहून गेले, आणि उरलेले मलम नीतूला नाइलाजाने पातळ लावावे लागले. फलक पाच झाला, अकरा झाला, सतरा झाला. (याचे श्रेय समितीने आधीच्या चार थरांना दिले.) नीतू शाळेत मान वर करून चालू लागली. भूमिकाला तिने त्वचेविषयी सल्लाही दिला, न मागता, दोनदा.

फोटोच्या दिवशी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नाकाच्या शेंड्यावर गंभीर अपघात झाला.

बाबांनी फलकावरचा आकडा खोडून शून्य लिहिले आणि चहा घेतला. नीतूने जस्ताचा शेवटचा थेंब नाकावर ठेवला, फोटोआधी पुसू म्हणून. पण फोटोग्राफर पहिल्याच तासाला आला. नीतूसमोर दोनच पर्याय होते. पुसले तर लाल नाक, न पुसले तर पांढरे. तिने बापाच्या पोरीसारखा विचार केला. उघड्या खड्ड्यापेक्षा ‘काम चालू आहे’ हा फलक बरा. आणि पांढऱ्या ठिपक्यासह ती पहिल्या ओळीत, मधोमध, छाती काढून उभी राहिली. असे आपण कधी करू असे तिला सहा महिन्यांपूर्वी वाटले नसते.

संध्याकाळी फोटो वर्गाच्या ग्रुपवर आला. नीतूने उत्तरे तयार ठेवली होती, एकूण अकरा. पहिला मेसेज आला, “यार मेरे दाँत.” मग, “मेरी चोटी किसने खींची.” मग बेचाळीस मुलींच्या बेचाळीस तक्रारी. नाकाबद्दल एकही नाही. शेवटी नीतूला अपमान सहन होईना. तिने स्वतःच लिहिले, “किसी ने मेरी नाक देखी?”

“हाँ ठीक है,” भूमिकाचे उत्तर आले. “पहले मेरी आँख देख, बंद आई है।”

नीतूने फोटोतल्या भूमिकाकडे पाहिले. डोळे खरेच बंद होते. भूमिका तिला खेटून उभी होती, आणि तासाभरात फोटो तीसदा उघडूनही नीतूला ती दिसलीच नव्हती.

वाचकहो, हसून झाले असेल तर आपल्या मोबाइलमधला शेवटचा ग्रुप फोटो आठवा. त्यात आपण कसे आलो आहोत, ते आठवतेच. आता न उघडता सांगा, तुमच्या शेजारच्या माणसाच्या नाकावर काय होते?

त्याने त्या दिवसासाठी चाळीस दिवस जस्त लावले होते.